आजोबांची खाण, नातवाचा नकाशा

आमचे हे साताऱ्याचे. त्यामुळे कार्डिफला येऊन सतरा वर्षं झाली तरी दिवाळीचा किल्ला चुकलेला नाही. मागच्या अंगणात वेल्सची चिकट माती, विटांचे तुकडे, जुनं पोतं, वर पेरलेले अळीव आणि भारतातून कपड्यांच्या घड्यांत जपून आणलेले मातीचे मावळे. दोन दिवसांत पाऊस येतो, बुरूज वाहून जातात आणि हे छत्री धरून महाराजांना वाचवत बसतात. गेल्या वर्षी मात्र आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "डॅड, या वर्षी किल्ला नको. मी माइन बनवणार. ॲबँडन्ड माइन."

ह्यांचा चेहरा पडला. पण 'माइन' हा शब्द ऐकून सोफ्यावर बसलेल्या माझ्या बाबांनी हातातला आयपॅड खाली ठेवला.

बाबा आठवड्यापूर्वीच चंद्रपूरहून आले होते. आल्या आल्या त्यांनी चपला काढायच्या आधी काठीच्या टोकानं जिन्याखालचं छत ठोकून पाहिलं होतं. कुठल्याही नव्या घरात शिरले की ते हे करतात. लहानपणापासून बघत आल्यामुळे आम्हा भावंडांना त्याचं हसू यायचं, त्या दिवशी नातूही हसला.

बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत सदतीस वर्षं काढली. लाकडाच्या बल्ल्या वाहणारा हेल्पर म्हणून लागले, मग परीक्षा देऊन सरदार झाले आणि ओव्हरमन म्हणून निवृत्त झाले. खाणीतला सरदार म्हणजे फेटा-तलवारवाला नव्हे. खाणीच्या एका भागाची सुरक्षितता त्याच्यावर असते. हवा खेळते का, वायू साठलाय का, छत पक्कं आहे का हे आधी तो बघतो आणि मग बाकीच्यांना "चला" म्हणतो. घरी मात्र बाबा खाणीबद्दल कधी बोलले नाहीत. पगार, बोनस, बदली एवढंच आम्हाला कळायचं.

टेबलावरचा खेळ

ज्यांच्या घरात हे वेड अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली आणला. चार-पाच मुलं टेबलाभोवती बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. तो गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कॉम्प्युटर लागत नाही, कल्पना लागते. टेबलावर एक इंचाच्या चौकटींचा नकाशा पसरलेला असतो आणि एक चौकट म्हणजे पाच फूट. काही मुलं हा नकाशा नुसता काढतात, काही जण त्यावर छोट्या वस्तू मांडून तो सजवतात. या वस्तूंना आमचा मुलगा 'प्रॉप्स' म्हणतो.

ओसाड खाण ही या खेळातली फार लाडकी जागा. टोल्किनच्या १९५४ सालच्या पुस्तकात मोरियाची खाण आली, तेव्हापासून काल्पनिक जगातला प्रत्येक बुटका खाण खणतो आणि प्रत्येक खाणीत काहीतरी भयानक दबा धरून बसलेलं असतं. २०१४ साली नवशिक्यांसाठी जो संच निघाला, त्यातली गोष्टही एका हरवलेल्या खाणीचीच आहे. गेल्या वर्षी दिवाळी आणि शाळेची हाफ-टर्म एकाच आठवड्यात आली. त्या सुट्टीत चार मित्र घरी खेळायला येणार होते आणि चिरंजीव पहिल्यांदाच सूत्रधार होणार होते.

त्यानं पहिला नकाशा चार दिवसांत केला. पुठ्ठ्याच्या भिंती, नागमोडी बोगदे, आइस्क्रीमच्या काड्यांचे रूळ, कोळशाची गाडी, कुदळी, पेटलेले कंदील, जागोजागी लाकडी चौकटी आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचे दोन सांगाडे. मला तर फार आवडला. तो आजोबांना घेऊन आला.

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग एका चौकटीला बोट लावून म्हणाले, "हा खांब काहून उभा केला?"

"तो प्रॉप आहे, आजोबा."

"प्रॉप हाये ते दिसते ना मले. पण यानं धरलं काय? वरून तं मोकळाच हाये."

दोघंही 'प्रॉप'च म्हणत होते, आणि दोघांचा प्रॉप वेगळा होता. मुलाचा प्रॉप म्हणजे सजावट. बाबांचा प्रॉप म्हणजे छताला दिलेला टेकू, ज्याच्याखाली माणसं आठ तास काम करतात. खाणीतला प्रॉप नुसता उभा करत नाहीत. त्याच्या माथ्यावर चपटी फळी ठेवतात आणि पाचर ठोकून छताशी घट्ट आवळतात. पाचर सैल म्हणजे तो नुसता ओंडका.

आजोबांच्या चुका काढणं

त्या संध्याकाळी बाबांनी नकाशातल्या इतक्या चुका काढल्या की मला वाटलं, पोरगं रडणार. तो वही घेऊन लिहायला बसला.

पहिली चूक बोगद्यांची. गुहा नागमोडी असते, पण कोळशाची खाण माणसानं आखलेली असते. बाबांच्या खाणीत चार-साडेचार मीटर रुंदीच्या गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदत जायच्या आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडलेले असायचे. याला 'बोर्ड अँड पिलर' म्हणतात. वरून पाहिलं तर नव्या वसाहतीच्या लेआउटसारखं दिसतं. चार-साडेचार मीटर म्हणजे नकाशावर तीन चौकटी. शेवटी हे खांबही काढून घेतात आणि मागची पोकळी कोसळू देतात. त्या कोसळलेल्या भागाला 'गोफ' म्हणतात. तिथे कोणी पाय ठेवत नाही. "तुझा ड्रॅगन तिकडे ठेव," बाबा म्हणाले.

दुसरी चूक पेटलेल्या कंदिलांची. "शंभर वर्षं बंद खाणीत कंदील कोण पेटवते?" शिवाय कोळशाच्या खाणीत उघडी ज्योत म्हणजे मरण. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के असला की ठिणगीनं स्फोट होतो. म्हणून तर १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं जाळीचा दिवा काढला. त्याची ज्योत वायूही ओळखते. मिथेन असला तर ज्योतीवर निळसर टोपी चढते, प्राणवायू कमी असला तर ज्योत मंदावते आणि विझते. सूत्रधाराला आणखी काय हवं! आता त्याच्या खेळात दिव्याचा रंग बदलला की खेळाडू गप्प होतात.

तिसरी चूक, पाणी नव्हतं. खाण बंद झाली की आधी पंप बंद होतात आणि तळापासून पाणी चढू लागतं. ओसाड खाणीचा खालचा भाग बुडालेलाच असायचा.

चौथी चूक, बाहेर पडायला एकच वाट होती. १८६२ साली इंग्लंडमध्ये हार्टली इथल्या खाणीत पंपाच्या इंजिनाची अजस्र तुळई तुटून एकुलत्या एका विहिरीत पडली, वाट बंद झाली आणि २०४ माणसं आत गेली. त्याच वर्षी कायदा झाला की प्रत्येक कोळसा खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. "दुसरी वाट लपवून ठेव," बाबा म्हणाले, "पण ठेव."

शेवटी त्यांनी दोन्ही सांगाडे उचलले आणि टेबलाच्या कडेला ठेवले.

"हे नको. आपला माणूस असा टाकून कोणी वर येत नाही."

"पण आजोबा, स्केलेटन तर सगळ्यांच्या मॅपमध्ये असतात."

बाबा काही बोलले नाहीत. उठून झोपायला गेले.

नव्वद मीटर खाली

कार्डिफपासून तासाभराच्या आत ब्लेनॅव्हन नावाचं गाव आहे. तिथली 'बिग पिट' ही कोळशाची खाण १९८० साली बंद झाली आणि १९८३ पासून ती संग्रहालय म्हणून उघडी आहे. २००० साली त्या सगळ्या परिसराला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इतकी वर्षं इथे राहून आम्ही कधी गेलो नव्हतो. मुलाला नकाशासाठी खरी खाण बघायची होती. बाबांना विचारलं तर म्हणाले, "बघू."

पिंजऱ्यातून नव्वद मीटर खाली नेतात. त्याआधी मोबाइल, घड्याळ, काडेपेटी, बॅटरीवर चालणारं जे काही असेल ते काढून द्यावं लागतं, कारण मिथेनचा नियम पर्यटकांनाही लागू आहे. मग हेल्मेट, कॅप लॅम्प आणि कमरेला पट्टा. आम्ही पट्ट्याशी झटापट करत होतो तोवर बाबा तयार होऊन उभे. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पाठ एकदम ताठ. आमचा गाइड स्वतः जुना खाणकामगार होता. त्यानं बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "यू वर्क्ड अंडरग्राउंड?" बाबा म्हणाले, "ओव्हरमन. इंडिया." गाइडनं हात पुढे केला. त्यानंतरची सहल आमच्यासाठी कमी आणि बाबांसाठी जास्त होती. हॉलेज, रोप, गॅस, रूफ. बाबांचं मोडकंतोडकं इंग्रजी इथे अजिबात अडलं नाही, कारण हे सगळे शब्द त्यांचे रोजचेच होते.

खाली घोड्यांचे तबेले बघितले. गाड्या ओढायला घोडे खालीच ठेवत. हवेची दिशा राखायला बोगद्यांत लाकडी दारं असतात. ती उघडायला-मिटायला अंधारात लहान मुलं बसवत. १८४२ च्या कायद्यानं बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवणं बंद झालं. गाइडनं सगळ्यांना दिवे विझवायला सांगितले. स्वतःचा हात दिसेना. माझ्या मुलानं माझा हात धरला, पुष्कळ वर्षांनी.

दिवे लागले तेव्हा बाबा एका कडेला उभे होते आणि बोटांच्या पेरांनी छत ठोकून कान देऊन ऐकत होते.

"गुड रूफ?" गाइडनं विचारलं.

"गुड रूफ," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "टुडे."

वर आल्यावर कॅन्टीनमध्ये चहा घेतला. मुलानं विचारलं, "आजोबा, ठोकून काय कळतं?" बाबांनी टेबलावर ठोकून दाखवलं. छत पक्कं असलं की टणटणीत वाजतं. वरचा थर सुटलेला असला की ढब्ब वाजतं, रिकाम्या डब्यासारखं. आणि लाकूड बोलतं. वजन आलं की प्रॉप आधी कुरकुरतो, मग तडतडतो. लोखंड तसं सांगत नाही. म्हणून जुन्या माणसांचा लाकडावर विश्वास जास्त.

मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "एकदा टणटणीत वाजलं होतं. मीच ठोकलं होतं. मी चला म्हटलं. दोन तासांनी पडलं."

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. भलत्याच वेळी भोंगा झाला आणि कॉलनीतल्या सगळ्या बायका खाणीच्या गेटकडे पळाल्या, एवढं मला आठवतं. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले आणि खूप वेळ नुसते न्हाणीघरात बसून राहिले. आईनं आम्हाला सांगितलं, बाबांना काही विचारायचं नाही. आम्ही विचारलं नाही. चाळीस वर्षं.

गेला तो टिंबर मिस्त्री होता. दुसऱ्यांसाठी प्रॉप लावणारा. "लॅम्परूममधी टोकन राहते," बाबा सांगत होते. "लॅम्प घेतला की त्याच्या खिळ्याले आपल्या नंबरचं टोकन लटकवायचं. वर आलं की लॅम्प जागेवर, टोकन हातात. शिफ्ट सुटली की सगळे त्या बोर्डाकडे पाहते. टोकन लटकलेलं दिसलं की समजायचं, माणूस खाली हाये. त्याचं टोकन दुसऱ्या दिवशीही तसंच होतं." मग म्हणाले, "चौकशी झाली. माझ्यावर कोणी काही ठेवलं नाही. पण चला तं मीच म्हटलं होतं ना."

मुलगा त्यांच्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर.

दुसरी खाण

दुसरा नकाशा दोघांनी मिळून केला. कोणाला करायचा असेल तर सांगते, सामान सोपं आहे. इन्सुलेशनचा फोम बोर्ड कापून चौकोनी खांब करायचे. ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून त्याचा गोळा फोमवर दाबत फिरवला की खडकासारखा पोत उठतो. आधी काळा ॲक्रिलिक रंग द्यायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं करडा. स्प्रे पेंट थेट फोमवर मारू नका, फोम विरघळतो. कोळशासाठी मत्स्यपेटीची वाळू काळी रंगवून वर चमकदार व्हार्निश द्यायचं, कारण कोळसा चमकतो. पाण्यासाठीही तेच व्हार्निश, दोन-तीन हात. प्रॉप बागेतल्या वाळलेल्या काटक्यांचे. प्रत्येक काटकीच्या माथ्यावर कॉफीच्या काडीचा तुकडा आणि त्याखाली पाचर. आमच्या खाणीला काही ठिकाणी छत आहे, उचलून बाजूला ठेवता येतं. प्रत्येक प्रॉप त्या छताला टेकतो की नाही, हे बाबांनी कागदाची पट्टी सरकवून तपासलं. पट्टी सरकली तर तो प्रॉप पुन्हा करायचा.

रूळ त्यांनी निम्मे काढून टाकायला लावले. खाण बंद करताना रूळ, पाइप, लोखंड जे निघेल ते भंगारात जातं, मागे उरतो तो गंजलेला तुकडा. राक्षस म्हणून मुलानं कोबोल्ड घेतले. ही मूळची जर्मन खाणींतली भुतं. तिथल्या एका खनिजातून चांदी निघत नसे, उलट विषारी धूर येई. कामगार म्हणत, कोबोल्डनं फसवलं. त्यावरूनच कोबाल्ट धातूचं नाव आलं. इकडे कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत 'नॉकर्स' मानत. ते भिंतीवर ठकठक करून धोका सांगत आणि कामगार त्यांच्यासाठी डब्यातल्या पेस्टीचा तुकडा टाकत. बाबा म्हणाले, "ठकठक लाकडाची राहते. पण तुकडा टाकत होते ते बरं करत होते."

आणि लॅम्परूम. काडेपेटीएवढा बोर्ड, त्यावर तेरा खिळे. बारा खिळ्यांना मण्यांचे इवलेसे दिवे. तेराव्याला पितळी कागदाचं गोल टोकन. ते बाबांनी स्वतः कापलं. नंबर कुठला घातला ते मी वाचलं, पण इथे लिहीत नाही.

छताचा नियम ठरवताना वाद झाला. मुलाचं म्हणणं, छत ठोकल्यावर फाशावर बारा किंवा जास्त पडले की छत पक्कं, पुढे जा. बाबा म्हणाले, "आणि बरोबर ऐकूनही पडलं तं?"

"मग तो कोणाचा फॉल्ट, आजोबा?"

बाबा पुष्कळ वेळ गप्प बसले. "कोणाचाच नाही, असं कागदावर लिहून आलं होतं."

मुलानं नियम बदलला. ठोकलेलं कितीही चांगलं वाजलं तरी सूत्रधार पडद्यामागे आणखी एक फासा टाकतो. एक आला तर छत येतं. पण त्या गल्लीत आधी कोणी प्रॉप लावलेला असेल तर लाकूड कुरकुरतं आणि मागे पळायला एक संधी मिळते.

खेळाची रात्र

लक्ष्मीपूजन झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघं मित्र आले. चकल्या, करंज्या, पिझ्झा. बाबा टेबलाच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. मुलांना त्या खाणीतलं ड्रॅगनचं सोनं लुटायचं होतं. पहिल्या अर्ध्या तासात ती लॅम्परूमला पोचली. एकानं टोकन उचललं आणि विचारलं, याची किंमत किती? सूत्रधारानं सांगितलं, किंमत काही नाही. हे ज्याचं आहे तो अजून खाली आहे.

त्या चौघांतल्या एकाचे पणजोबा इथल्या ऱ्होंडा खोऱ्यात खाणकामगार होते. तो म्हणाला, मग आधी त्याला शोधू या. सोनं नंतर. पुढचे तीन तास त्या मुलांनी काय केलं असेल? गल्लीगल्लीत छत ठोकलं, फासे टाकले, जवळची सगळी नाणी खर्चून लाकूड आणलं आणि प्रॉप लावत गेली. ड्रॅगनपर्यंत कोणी पोचलंच नाही. पालक न्यायला आले तेव्हा ती गोफच्या तोंडाशी होती. त्या मुलानं जाताना बाबांना विचारलं, तो माणूस सापडणार का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मराठीत सांग. "म्हणावं, तुम्ही आत गेलात ना. सगळे गेले होते तेव्हाही."

नोव्हेंबरात बाबा परत गेले. आता व्हिडिओ कॉलवर ते नातवाशी आधी बोलतात, मग माझ्याशी. खाणीतला एखादा शब्द रोज निघतो. गेल्या आठवड्यात आईनं मला विचारलं, "तुझ्या बाबांना काय केलंस गं तिकडे? हल्ली बोलतात."

या दिवाळीत आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मुलांच्या टेबलावर आमचे हे किल्ला मांडणार आहेत, हॉलच्या आत, म्हणजे पावसाची भीती नाही. त्याच्या शेजारी आमची खाण असेल. मुलांना घेऊन या, हात लावू द्या, छत उचलून आत बघू द्या. फक्त तेराव्या खिळ्यावरचं टोकन तिथेच राहू द्या.